मुलुंडची थंडी आणि पेकानचं झाड

आमच्याकडे रंगीत टीव्ही आला त्या वर्षी काकांनी अमेरिकेहून पेकानच्या बिया आणल्या. पेकान म्हणजे अक्रोडाचा लांबट भाऊ. काकांनी साफ सांगितलं होतं, "दादा, याला कडक थंडी लागते. नाहीतर फळ धरत नाही."

"मग मुलुंडला थंडी नाही तर काय आहे?" बाबा म्हणाले. मुलुंडकरांना हा गर्व भारी. डोंगराच्या पायथ्याशी राहतो म्हणून डिसेंबरात चार दिवस स्वेटर घालायचे आणि घाटकोपरच्या पाहुण्यांसमोर काश्मीरच्या बाता मारायच्या. या फुकाच्या बढाईचा मला आजही संताप येतो.

पाचातली एक बी रुजली. आमच्या बैठ्या घरामागे जरासं परसू होतं, आणि त्यात आईचा रातांबा. कुडाळहून, माहेरहून, तिने ते रोप मांडीवर धरून आणलं होतं. उन्हाळ्यात तो लालभडक फळांनी लगडायचा, अंगणभर आमसुलं वाळायची, शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. दोन वर्षांत पेकान माझ्या डोक्यावर गेलं. रातांब्याची सावली त्याच्यावर पडायची, एवढाच रातांब्याचा गुन्हा.

आजी आजारी म्हणून आई गावी गेली आणि बाबांनी रातांबा तोडला. तो शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडू नये म्हणून दोर मी धरला होता. मी नऊ वर्षांची होते.

आई परत आली. हातातली पिशवीही खाली न ठेवता म्हणाली, "अहो, मला विचारायचं तरी होतंत."

"अगं, अमेरिकेचं झाड आहे. टोपल्या भरशील टोपल्या!"

त्या उन्हाळ्यापासून आमसुलं वाण्याकडून येऊ लागली. चिवट, जुनाट. आई ती सोलकढीसाठी भिजत घालायची.

पेकानला नुसती पानंच पानं. आमच्या गावाकडे न धरणाऱ्या झाडाला धाक घालतात. एकाने बुंध्याला कोयता लावून विचारायचं, देतोस की तोडू? दुसऱ्याने मागे लपून झाडाच्या वतीने सांगायचं, नको तोडू, पुढच्या वर्षी देईन. दरवर्षी आई विचारायची आणि मी उत्तर द्यायचे. पाच वर्षं मी त्या झाडासाठी खोटं बोलले.

दहावीच्या वर्षी आईने विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग खरोखरच कोयता उगारला.

तेवढ्यात मागच्या दारातून बाबांचा आवाज आला. एरवी घरात कधी मालवणी न बोलणारे बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तोडू नको गो. फुडल्या वर्साक देतंय."

आईने कोयता खाली घेतला आणि ती भात बघायला आत गेली. माझं मात्र डोकं भणभणलं. रातांबा दरवर्षी न मागता देत होता. देतोस की तोडू, असं त्याला कुणी विचारलंही नाही. त्याच्या वतीने बोलायला त्या दिवशी परसात एकटी मीच होते, आणि माझ्या हातात दोर होता.