खांबावरचा माणूस

महाळुंग्यातल्या आमच्या सोसायटीत इंटरनेट बंद पडलं की केबलवाल्याचा तो माणूस यायचा. कमरेला पक्कड, खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं. घरातल्या इंटरनेटच्या डब्यावरचा लाल दिवा बघून तो नुसती मान हलवायचा आणि रस्त्यावरच्या खांबाला शिडी लावायचा.

त्या दिवशी माझी ऑनलाइन मुलाखत होती. कंपनीनं काढून टाकल्यानंतरची पहिलीच. मी त्याच्यामागं खाली धावलो. त्यानं वर चढून आमची तुटलेली वायर जोडली. मग समोरच्या बिल्डिंगकडे जाणारी निळी वायर धरली आणि पकडीनं कापली.

"अहो, ती का तोडली?"

"दुसऱ्या केबलवाल्याची हाय. त्यांच्या माणसानंच तुमची तोडलेली. उद्या तो येऊन ती जोडंल, तुमची परत तोडंल." तो शांतपणे शिडी उतरला. "कुणाचंच नेट बंद पडलं न्हाई, तर आमा दोघांना कामावर ठेवंल कोण, भाऊ?"

मी जिन्याकडे पळालो. वर आलो तर हिरवा दिवा लागला होता.

मुलाखत सुरू झाली. समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत इस्त्रीचा शर्ट घातलेली एक मुलगी लॅपटॉपपुढं वाकून "हॅलो, सर? हॅलो?" म्हणत होती.

"मागून कसला आवाज येतोय?" मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर," म्हणत मी खिडकी लावून घेतली.