डोळे फिरवणारी गाडी

नोकरीतलं कोणतं प्रकरण अजून आठवतं, असं कोणी विचारलं की लोकांना वाटतं मी आता एखादा खून किंवा दरोडा सांगणार. तसली प्रकरणं हाताळली, नाही असं नाही. पण मला पहिलं आठवतं ते एका गाडीच्या दिव्यांचं प्रकरण, आणि आठवलं की आजही एकटाच हसत बसतो. घरातले म्हणतात, रिटायर झाल्यापासून साहेबांचं काही खरं नाही.

तेव्हा मी माजलगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. दवाखान्यातून कळवणी आली की आदल्या दिवशी दिवेलागणीला एक मोटारसायकलवाला रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीत पडला, पाय मोडलाय, जबाब घ्यायला या. हवालदारांना घेऊन मी स्वतःच गेलो. पलंगावर पन्नाशीचे एक भरदार मिशांचे शेतकरी पडले होते. पायाला प्लॅस्टर, तोंडावर काट्यांचे ओरखडे, आणि आवाज असा की शेजारच्या वॉर्डातले पेशंट उठून बसावेत.

"साहेब, पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेलतो. दिंद्रुडच्या पुढं वळणावर आलो अन् समोरून गाडी. अप्पर लाईट! डोळ्यांत सुई घातल्यावानी झालं. म्या डिप्पर मारला, पुन्यांदा मारला, त्यो काय खाली घेईना. मंग कुठला रस्ता अन् कुठलं काय, गेलो बाभळीत!"

"गाडी कसली होती?"

"ते दिसलंच न्हाई की. पन एक सांगतो, हसू नका. त्या गाडीचे डोळे फिरत व्हते."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना नजरेनंच गप्प केलं. जबाब घेताना माणूस जे बोलतो ते तसंच लिहायचं, आपल्याला पटेल तसं नाही, हा माझा कायमचा दंडक. मामांनी (सगळं गाव त्यांना मामाच म्हणे) पुढं सांगितलं, की गाडी सरळच होती, वळली नव्हती, तोच तिचा उजेड आधी वळणाकडं वळला. "मान न हलवता मानूस डोळे फिरवतो ना, तसं!"

गाडीचा नंबर नाही, रंग नाही, आणि हाताशी एवढंच. पण फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा दुपारीच फोन आला. खबरी म्हणावा असा तो नव्हता. त्याला नुसती सगळ्यांची बातमी लागायची. "साहेब, डोळे फिरवनारी गाडी या भागात एकच हाय. पेंडवाल्या शेठची नवी गाडी. स्टेरिंग फिरवलं की लाईटबी फिरती. आमची पोरं मुद्दाम बघायला थांबत्यात."

शेठ सरकी-पेंडीचे व्यापारी, कपाळाला भस्म लावणारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही लगेच ठाण्यात पाठवून दिले. गाडी मी मागच्या आवारात लावून घेतली. ड्रायव्हर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सडसडीत, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्या वेळी त्या वळणावरून मीच गेलो, हे त्यानं न विचारता सांगितलं. एकच लाईट समोरून आली, शेजारून गेली असं त्याला वाटलं, मागं कोणी पडलं हे कळलंच नाही. "पन साहेब, म्या अप्पर मारला न्हाई. त्या गाडीचा लाईट आपोआप वर जातो, समोर कुनी आलं की आपोआप खाली येतो."

"आपोआप?"

"आपोआप."

मामांना दवाखान्यातून सोडलं होतं, ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून ठाण्यात आले. दारात पाऊल टाकलं, बाकावर बसलेल्या पोराकडं बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. पोरगाही ताडकन उभा राहिला.

"मामा, तुमी?"

"जावईबापू?"

मी कपाळावर हात मारला. ज्या लग्नाच्या पत्रिका वाटून मामा येत होते, त्या लग्नाचा नवरदेव माझ्या बाकावर बसला होता!

पहिल्यांदा मामा हसले. म्हणाले, घरचंच मानूस निघालं, जाऊ द्या साहेब, मिटवा. मलाही बरं वाटलं. मग त्यांनी सहज विचारलं, "पन अप्पर कावून मारला हो एवढा?" आणि पोरानं तेच सांगितलं, म्या हात लावला न्हाई, आपोआप झालं. मामांचा चेहरा बदलला. पाच मिनिटांत 'जावईबापू, तुमी'वरून ते 'तू' आणि 'बे'वर आले.

"मला येडा समजतो का बे? लाईट काय माजघरात झोपल्याली म्हातारी हाय, आपोआप उठायला अन् आपोआप निजायला? चूक झाली म्हन, इथंच गळ्याला लावतो तुला. पन तोंडावर खोटं बोलनाऱ्याला माझी पोरगी न्हाई! साहेब, माझी तक्रार लिहा. अन् सोयरीक मोडली!"

आता खरी पंचाईत झाली. मोडलेला पाय दीड-दोन महिन्यांत जोडला असता. पण लग्न मोडलं असतं तर ते कोणत्या डॉक्टरनं जोडायचं?

त्या पोराला मी आतल्या खोलीत घेतलं. चौकशीची माझी एक पद्धत होती. खोटं बोलणाऱ्याला पळवाट दाखवायची. तो लगेच जबाब बदलून तिकडून निसटायला बघतो. मी चहा मागवला आणि म्हणालो, "हे बघ, दिवसभर गाडी चालवून दमला असशील. स्टिअरिंगजवळच्या लाईटच्या कांडीला चुकून हात लागला असेल. तेवढं मामांना सांग, पाया पड, लग्न होऊन जाईल. कोणी काही म्हणणार नाही."

त्यानं कप बाजूला सरकवला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "लग्न व्हावं असं मला लई वाटतंय साहेब. पन हात लागलाच न्हाई तर लागला कसं म्हनू?"

बाहेर आलो तर एक तरणीताठी मुलगी टेबलासमोर उभी. मामांची लेक, नवरी. गावाकडं अशा वेळी मुली पुढं येत नाहीत, पण ही स्कूटी हाणत आली होती. "साहेब, ते खोटं बोलत न्हाईत."

"कशावरून?"

"खोटं बोलायला डोकं लागतं. ते न्हाई त्यांना."

एवढी चांगली शिफारस मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही.

मी ओळखीच्या मोटार वाहन निरीक्षकांना फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी चार वाजता आले. शेठ आले, मामांची लेक आली, मामांना खुर्चीत बसवून पाय स्टुलावर ठेवला, आणि आमच्या ठाण्याच्या आवारात चाचणी सुरू झाली. माझी शंका वेगळीच होती. त्या दिवशी गाडीच्या डिकीत पेंडीची पोती होती. मागं वजन पडलं की गाडीचं ढुंगण बसतं, तोंड वर होतं आणि दिवे लोकांच्या डोळ्यांत जातात. आमच्या जुन्या जीपला त्यासाठी स्टिअरिंगपाशी एक चकती होती, ती हातानं फिरवून उजेड खाली घ्यायचा. ती कोणी फिरवत नसे, ही गोष्ट वेगळी.

पोती काही तेव्हा हाताशी नव्हती. आमचे हवालदार मात्र होते, आणि देवानं त्यांना पोत्याचं वजन सढळ हातानं दिलं होतं. त्यांना आणि दोन शिपायांना डिकीत बसवलं. समोरच्या सावलीतल्या भिंतीवर पडलेला दिव्यांचा पट्टा वर चढला, आणि आम्ही बघत असतानाच पुन्हा आपसूक खाली उतरला. निरीक्षक म्हणाले, "मागच्या चाकांजवळ एक पट्टी असते. गाडी किती बसली ते ती सांगते, आणि दिव्यातली छोटी मोटर तेवढा उजेड खाली घेते. हे नीट चाललंय." मग त्यांनी गाडी पुढं घ्यायला लावून स्टिअरिंग फिरवून बघितलं. उजेड वळणाकडं वळला. मामा ओरडले, "हेच ते डोळे!" म्हणजे जबाबातलं ते वाक्य शब्दशः खरं होतं.

माझी शंका खोटी ठरली. आता मुख्य चाचणी. अंधारू लागलं तसं ठाण्यासमोरचा सरळ रस्ता दोन्हीकडून मोकळा केला. गाडीत पोरगा, शेजारी निरीक्षक, मागं मी. समोरून हवालदार मोटारसायकलवर. मी पोराच्या हातांवरून नजर हटवली नाही. गाडीनं वेग घेतला आणि उजेड वर गेला. आपोआप! कांडीला त्याचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. हवालदार जवळ आले, अजून जवळ आले, उजेड काही खाली येईना. शेवटी ते डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडेला थांबले आणि ओरडले, "साहेब, मेलो!"

खुर्चीतून मामांचा आवाज आला, "बघा! म्या काय म्हनत व्हतो? येतो का खाली?"

पोराचं तोंड पांढरं पडलं. निरीक्षक मात्र शांतपणे खाली उतरले, टॉर्च घेतली आणि समोरच्या काचेवर वाकले. "वर जायचं याला कळतं, मग खाली यायचं का कळत नाही? याचा डोळा कुठाय?" आतल्या आरशामागं, काचेच्या वरच्या बाजूला, एक छोटा कॅमेरा असतो. समोरून येणारा दिवा तो बघतो. त्या जागेवर बाहेरून एक गोल स्टिकर होता. ग्रामदेवतेचा, चांगला तळहाताएवढा.

"पूर्ण झाकला असता तर बरं होतं," निरीक्षक म्हणाले. "दिसत नाही अशी गाडीनंच तक्रार केली असती. याचा उजवा भागच तेवढा झाकलाय. समोरून येणारे उजवीकडूनच येतात. गाडीला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय आणि रस्ता मोकळा आहे."

स्टिकर काढायचा म्हटल्यावर शेठच पुढं झाले. "देवाचं आहे, साहेब." मग पायातल्या चपला काढून, हात जोडून, ओल्या फडक्यानं तो अलगद सोडवला आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यात बसवला. आमचे हवालदार पुन्हा मोटारसायकलवर बसायला तयार नव्हते; त्यांना चहाचं आमिष दाखवावं लागलं.

दुसऱ्या वेळी जे दिसलं ते मी विसरणार नाही. हवालदार समोरून आले आणि उजेडानं त्यांना वाट करून दिली. रस्त्याच्या दोन्ही कडा, बाभळी, मैलाचा दगड, सगळं लख्ख. फक्त हवालदारांपुरता उजेड खाली आला, त्यांच्या अंगावर तेवढी सावली. ते दात काढून हसत शेजारून निघून गेले.

परत आलो. निरीक्षकांनी आधी पोराला चांगलं फैलावर घेतलं, की यंत्र असलं तरी समोरचा डिप्पर मारतोय म्हटल्यावर उजेड खाली घेणं हे तुझं काम, गाडीचं नव्हे. त्यानं मान खाली घालून कबूल केलं. मी विचारलं, "आता सांग, तो स्टिकर कोणी लावला?"

तो शर्टाची बाही सारखी करायला लागला. शेठ म्हणाले, "मी नाही लावला. साखरपुड्याला गाडी याला दिली होती, परत आली तेव्हा काचेवर होता. देवाचं काढायचं कसं, म्हणून राहू दिला."

"अरे बोल की, कोणी लावला?"

"ध्येनात न्हाई साहेब," तो म्हणाला. आणि त्याचे कान लालभडक झाले, नजर जमिनीवर गेली. माझ्या ठाण्यात तो तेवढं एकच खोटं बोलला, आणि तेही इतकं वाईट की शेजारच्या शिपायालाही कळलं.

मामांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला, खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "म्या लावला. साखरपुड्याला. पोरगं रातंदिस रस्त्यावर असतं, देवाचं ध्यान ऱ्हावं म्हनून बरोब्बर मधोमध बघून लावला." मग पोराकडं वळून, "तुला म्हाईत व्हतं ना? तवा सांगितलं कावून न्हाई बे?"

"तुमचा पाय मोडलाय मामा," तो म्हणाला. "चार लोकांत आनिक काय मोडायचं?"

मग मामांनी त्याला एका हातानं ओढून छातीशी धरलं आणि ढसाढसा रडले. त्यांची लेक स्कूटीपाशी उभी राहून पदरात तोंड लपवून हसत होती, की रडत होती, ते मला सांगता यायचं नाही. हवालदार म्हणाले, "आता तरी चहा मिळंल का?"

मामांना मी आत नेलं. तक्रार मागं घेत असल्याचा जबाब लिहायचा होता.

"तक्रार हाय की," मामा म्हणाले. "पाय बरा होईस्तोवर लग्न पुढं ढकलू म्हनतोय हा. ते ढकलू देऊ नका. हेच लिहा."

तेवढं मात्र मी लिहिलं नाही. लग्न ठरल्या मुहूर्ताला झालं, मामांनी खुर्चीत बसून कन्यादान केलं, आणि शेठच्याच गाडीत नवरी सासरी गेली.

खोटं कसं पकडायचं हे खात्यानं मला शिकवलं. जे शिकवलं नाही ते या पोरानं शिकवलं. स्वतःच्या बचावासाठी एक शब्द वाकडा बोलायला तो तयार नव्हता, लग्न गेलं तरी बेहत्तर. आणि सत्य हातात आलं, सुटका झाली, तेव्हा दुसऱ्याची लाज राखायला त्यानं ते गिळून टाकलं. माणूस काय बोलतो ते मी जन्मभर ऐकत आलो होतो. काय बोलत नाही याकडं त्यानंतर लक्ष द्यायला लागलो.

नोकरीत मी चारित्र्य पडताळणीच्या किती दाखल्यांवर सह्या केल्या, त्याची गणती नाही. बहुतेक वेळा समोरच्याविरुद्ध गुन्हा नोंद नाही, एवढंच मला ठाऊक असायचं. त्या संध्याकाळी मामा निघताना दारात थांबले आणि त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, तुमचं काय मत? देऊ ना पोरगी?" मी म्हणालो, "मामा, मला मुलगी असती तर मी तुमच्या आधी रांगेत उभा राहिलो असतो." त्या दाखल्यावर सही नाही, शिक्का नाही, पण आयुष्यात मी पूर्ण खात्रीनं दिलेला तो एकच.