आभारात न आलेलं नाव

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. एरवी आमटी खारट झाली तरी मी ताट वाढायच्या आधी सांगून मोकळी होते. पण हे? नाही. आज तुम्हाला सांगते.

फ्रँकफर्टला लेकाकडे राहायला आलो, त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी नाटक बसवलं. इराणच्या दरबारातल्या वजिराचं. स्वयंपाक्याचा पोर — हुशारीवर शहाचा उजवा हात होतो, दरबाऱ्यांचं फुकट खाणं बंद करतो, शहाची बहीण त्याची बायको होते. मग शहाचे कान भरले जातात आणि वजीर हद्दपार. कोणी विष घालेल म्हणून बायको त्याच्या ताटातला घास आधी स्वतः खाते. शेवटी निरोप येतो — शहानं मानाचा झगा धाडलाय, न्हाऊन तयार राहा. आणि हमामात मारेकरी उभा. सभागृह चिडीचूप. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईनं लिहिलं होतं ते. झकासच झालं होतं, आजही म्हणेन.

पण गोष्ट कोणाची? खालच्या मजल्यावरच्या माहीनबाईंची. मूळच्या इराणच्या. दातात साखरेचा खडा धरून चहा पीत, आमच्या दोघींच्या मोडक्या जर्मनमध्ये, त्यांनी मला ती हिवाळाभर सांगितली — झगा कसा, हमाम कसा, सगळं. मी म्हटलं होतं, आमच्यात शेवटी आभार मानतात, तेव्हा तुमचं नाव घेईन, उभ्या राहा.

पडदा पडला आणि एक प्राध्यापक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काकू, एवढा अभ्यास कुठे केलात हो?"

"वाचते की मी," मी म्हटलं.

झालं. आता नाव कुठल्या तोंडानं घेणार? आभाराला मीच उभी. जेवणवाले, माइकवाला, खुर्च्या लावणारी पोरं, हॉल उघडून देणारा हाउसमाइस्टर — कोणाला म्हणून सोडलं नाही. पहिल्या रांगेत माहीनबाई, कडक इस्त्रीचा निळा कोट घालून. प्रत्येक नावाला खुर्चीच्या कडेशी सरकत होत्या. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण टाळ्या गोड लागत होत्या.

परतताना एस-बानच्या लोकलमध्ये त्यांनी विचारलं, "माझं नाव घेतलंत?"

"घेतलं की. केवढ्या टाळ्या पडल्या."

त्यांचा चेहरा उतरला. "आणि मी बसूनच राहिले. कान गेले हो माझे. तुमचा मान राखला नाही मी — माफ करा."

मी त्यांचा हात थोपटला. म्हटलं, असू दे.

माफ केलं मी त्यांना.