घर, वावर आणि डुप्लिकेट केबल

आईनं बाबांना जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. त्यामुळे मी दोघांना वॉकीटॉकीचे सेट आणून दिले तेव्हा पहिला पेच हाच पडला, की बटण दाबून म्हणायचं काय? ‘अहो’ म्हणायचीही तिला त्या डब्यात लाज वाटे. शेवटी तिनंच तोडगा काढला. खाटेवरच्या बाबांचा सेट म्हणजे ‘घर’ आणि शेतात तिच्या कमरेला खोचलेला तो ‘वावर’.

राळेगावकडच्या आमच्या गावात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. बाबांना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. आईला कापूस वेचायला जावंच लागे आणि मी यवतमाळात नोकरीला. म्हणून हे लायसन न लागणारे छोटे सेट.

“हालो घर, पानी पेले काय?”

“पेलो. तू जेवली?”

बोलणं एवढंच. पण आजारपणानंतर मुके झाल्यासारखे वागणारे बाबा या डब्यापायी बोलायला लागले. मी घरी गेले आणि आईचा सेट माझ्या हाती असला, की शेजारच्या खोलीतूनही मला ‘हालो वावर’ करत. मला हसू यायचं आणि फार बरं वाटायचं.

मग घरासमोरच्या रस्त्याचं काम निघालं. एक बाजू खोदलेली, दुसरीवरून आळीपाळीनं गाड्या सोडायच्या. दोन टोकांना दोन झेंडीवाले आणि त्यांच्या हातात नेमके तसलेच सेट. “सोड रे ट्रक.” “थांब, यष्टी येऊन राह्यली.” दिवसभर हेच बाबांच्या उशाशी. चॅनेल बदललं तर तिथं गिट्टीवाले. एकदा बाबा आईशी बोलत असताना मध्येच कुणीतरी म्हणालं, “कोन हाय बे हा? पेऊन बोलून राह्यला काय?” बाबांनी सेट उशीखाली सारला आणि पुन्हा बटणाला हात लावला नाही. हे कळलं तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली.

उपाय होता. दोन्ही सेटमध्ये एक कोड घालायचा, की बाहेरच्यांचा आवाज आपल्याकडे उमटतच नाही. त्यासाठी सेट केबलनं कॉम्प्युटरला जोडावा लागतो. केबल मागवली. लॅपटॉप म्हणे, हिच्यातली चिप नकली आहे, मी हिच्याशी बोलणार नाही. दुसरी मागवली, तिचीही तीच गत. पाकिटावर मात्र दोन्हींच्या ठळक अक्षरांत ‘ओरिजिनल’!

बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी केबल उलटसुलट करून पाहिली. “ताई, ओरिजिनल इथं कोनी पाह्यली बी नसन. काम बराबर करते ही, फकत नाव दुसऱ्याचं सांगते. नवा ड्रायव्हर तिले पकडते. जुना कायी इचारत नाई.” ड्रायव्हर म्हणजे केबलची ओळख पटवणारा प्रोग्राम. त्यांनी माझ्या जुनाट लॅपटॉपवर तो जुनाट ड्रायव्हर बसवला आणि बजावलं, “याले नेट दाखवू नका. नेट पाह्यलं का हा शाना होते.” मी निघाले तेव्हा म्हणाले, “अन् एक. तुमाले त्या रोडवाल्याइचं ऐकू येनार नाई, पन त्याइले तुमचं येईन.”

हे शेवटचं मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सेट हातातच घेतला नसता.

गावात नेट नव्हतंच. लॅपटॉपला शहाणं व्हायची सोय नव्हती, म्हणून केबल निमूट चालली. सेट शांत झाले आणि बाबा पुन्हा बोलते झाले. शेजारची गाय व्याली, वरणात मीठ जास्त पडलं, सगळं वावरात पोचायला लागलं. मी स्वतःवरच खूश होते.

पुढचं मला आईनं सांगितलं. एका दुपारी तिनं ‘हालो घर’ केलं आणि उत्तर आलं नाही. पुन्हा केलं. मग कापसाची झोळी टाकून ती धावत सुटली. धावता धावता बटण दाबून ‘घर, ओ घर’ ओरडत होती, आणि शेवटी तिनं बाबांचं नाव घेतलं. डब्यातून काहीच आलं नाही.

घरी पोचली तर बाबा खाटेवर बसलेले, गुडघा खरचटलेला. भिंतीला धरून मोरीकडे जाताना पाय घसरला होता. एक झेंडीवाला त्यांना पाणी पाजत होता, दुसरा झेंडीनंच वारा घालत होता. बाहेर रस्त्यावर ट्रक हॉर्न वाजवत खोळंबलेले.

“आजी, आमी कवाचे सेटवर सांगून राह्यलो, आबा बरे हायेत म्हनून. तुमी ऐकूनच नाई राह्यल्या.”

“तुमाले कसं समजलं?” बाबांनी विचारलं.

“रोज ऐकतो ना तुमचं. वरनात मीठ पडलं ते बी.”

आता तिथं रस्ता गुळगुळीत आहे, टॉवर आहे. बाबा नाहीत. ती केबल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नव्या लॅपटॉपला लावली की तो अजूनही तिला नकली म्हणतो. म्हणू दे. मला त्या दुपारनंतरचा रविवार आठवतो.

मी घरात पाऊल टाकलं तशी आई म्हणाली, “तुनं मले बहिरं करून ठेवलं व माय.” मी काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “काढ तो कोड.”

त्याच केबलनं काढला. लगेच खरखर सुरू झाली, सोड रे, थांब रे. बाबांनी डाव्या हातानं सेट तोंडाशी धरला. मग बटण दाबलं आणि जड जिभेनं, एकेक शब्द लावत म्हणाले, “हालो. घर बोलून राह्यलो.”

खरखर थांबली.

“बोला आबा,” पलीकडून आवाज आला. “ट्रक थांबवून ठेवला.”