जाऊबाईंना सगळं चालतं

आमच्या भासऱ्यांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, जेवायला बोलावणं ही मला आजवर शिक्षाच वाटत आली आहे. वांग्यात एक काळी बी दिसली की वांगं बाजूला. शिताला शीत चिकटलं की भात बाजूला. खोबरं त्यांना लांबूनच कळतं. पोळी तव्यावरून थेट पानात पडायला हवी; डब्यातली पोळी ते बोटाने दाबून बघतात आणि काही न बोलता परत ठेवतात. ते न बोलणंच माझ्या डोक्यात जातं.

यंदाच्या हिवाळ्यात ते खाप्याहून संत्र्याची गाडी घेऊन इथे कळमन्याच्या बाजारात येणार होते. जाऊबाईंनाही नागपुरात काही काम होतं. मी नवऱ्याला म्हटलं, दोघांनाही संध्याकाळी जेवायलाच बोलवा. ‘दोघांनाही’ मी दोनदा म्हटलं.

कारण भासरे हे माझं दुखणं नव्हतंच. दुखणं जाऊबाईंचं होतं. सासूबाई शेवटची काही वर्षं खाप्याला त्यांच्याजवळ होत्या. अंगात साखरेचा आजार आणि जीव सगळा पुरणात. जाऊबाई त्यांना पुरणाला हात लावू देत नसत. मी नागपूरहून जाताना पर्समध्ये एक पुरणपोळी दडवून न्यायची, आणि जाऊबाई अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या की म्हातारीच्या हातावर ठेवायची. त्या घरात सासूबाईंवर माया करणारी मीच काय ती एकटी, असं मला वाटायचं. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या. तेराव्याला पंगतीत पुरणपोळ्या वाढल्या जात होत्या, तेव्हा सगळ्या बायांसमोर मी बोलून गेले, “जितेपणी एक घास नाही दिला, आता पानभर वाढून राहिले.” कुणाला म्हणाले ते सगळ्यांना कळलं. जाऊबाई पोळ्यांची परात घेऊन तशाच पुढच्या पानाकडे वळल्या.

त्यानंतर दोनदा त्या माझ्याकडे आल्या आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन गेल्या. चहासुद्धा नाही. “आत्ताच घेतला,” म्हणायच्या. माफी मागायची माझी छाती नव्हती. मनाशी एवढंच धरलं होतं, की त्यांनी एकदा माझ्या घरी पोटभर जेवावं. जेवल्या म्हणजे मिटलं, असं मी समजणार होते.

नवऱ्याने फोन करून भासऱ्यांची यादी घेतली. तीत नव्याने भर पडली होती: दही आंबट नको, तिखट चालेल पण तेलाचा तवंग नको.

“आणि वहिनींचं?” मी विचारलं.

“वहिनीले काय, सगळं चालते.”

हे मलाही पटलं. लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, पण जाऊबाईंना काय आवडतं हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पुरण करायचं नाही, हे तर पक्कंच होतं. त्या घरच्या माणसांपुढे मी पुरण कोणत्या तोंडाने ठेवणार? मग गोळाभात ठरला, सोबत कढी, पाटोडीची रस्साभाजी आणि कोथिंबिरीच्या सांबारवड्या, खोबरं न घालता. दुपारी धरमपेठेत ताजं दही आणायला गेले आणि गॅस बंद केला की नाही या धास्तीने रिक्षा करून परत आले. गॅस बंद होता. दही तिथेच दुकानात राहिलं होतं. परत गेले. कढी चार वेळा चाखली, दर वेळी वेगळी लागली. खाली गाडीचा हॉर्न वाजला की बाल्कनीत, बाल्कनीतून आत, आत आलं की झाकण उघडून भाताचं शीत बघायचं. नवरा म्हणाला, “भात पळून नाही चालला.” मी त्याच्यावर उगाच खेकसले.

सात वाजता आले दोघं. जाऊबाईंनी पाणी घेतलं. चहाला “आता जेवणच करू ना,” म्हणाल्या, तेव्हा मला जरा हुशारी आली. पानं मांडली. भासऱ्यांनी भात बोटाने मोकळा करून बघितला आणि चक्क खायला लागले. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझं मात्र लक्ष शेजारच्या पानाकडे होतं.

त्या पानात पोळी होती, काकडीची कोशिंबीर आणि लिंबाचं लोणचं. गोळाभात नेला तर जाऊबाईंनी पानावर हात आडवा धरला. पाटोडीला नको म्हणाल्या. वडीला नको. निदान कढी तरी, म्हणून वाटी पुढे केली, तर तीही नको. दिवसभराची धावपळ माझ्या डोक्यात चढली. आजही पाण्यावरच निघणार ही बाई, असं वाटलं आणि तोंडातून गेलंच, “वहिनी, जहर नाही टाकलं मी त्याच्यात.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. जाऊबाई काही रागावल्या नाहीत. उलट ओशाळल्या.

“तसं नाही वं. मी हरभऱ्याची डाळ सोडली. गयेले.”

उन्हाळ्यात दोघं सासूसासऱ्यांचे पिंड द्यायला गयेला जाऊन आले होते. तिथे पिंड दिल्यावर खाण्यातला एखादा पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा असतो. “मी कारलं सोडलं,” भासरे म्हणाले. त्यांनी कारलं कधी तोंडात घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. “सोपं काम केलं गा दादा तुम्ही,” म्हणून नवरा हसला. मी पानांकडे बघत उभी. गोळे हरभऱ्याच्या डाळीचे, पाटोडी बेसनाची, वडीचं आवरण बेसनाचं, कढीला लावलेलं तेही बेसनच. पुरण टाळायचं म्हणून मी सबंध दिवस त्याच डाळीत हात घालून बसले होते.

“पाच मिनिटं बसा,” म्हणत मी स्वयंपाकघरात पळाले. तुरीची डाळ आणि तांदूळ धुऊन कुकर लावला. घाईत झाकण बसेना. मागून येऊन जाऊबाईंनी ते बसवलं.

“हरभऱ्याची डाळच सोडायची काय गरज होती वहिनी? दुसरं काही सोडलं असतं.”

“आई मले मागायच्या पुरण. रोज मागायच्या. डॉक्टरनं मना केलं होतं, मी नाही दिलं.” ओट्यावरचं पाणी त्या फडक्याने पुसत होत्या. “तू तेराव्याले खोटं नव्हती बोलली.”

आता बोलायलाच हवं होतं. “खोटंच होतं ते,” मी म्हटलं. “त्यांना मिळायचं पुरण. मी चोरून देत होते.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू येऊन गेली का त्यांची शुगर वाढे. दोन-दोन दिवस मी उशाशी बसून काढायची. आन् कपडे काय वं, रोज तर सकाळीच वाळत घालायची मी. तू आली का पुन्हा एकदा ओले करून अंगणात जायची.”

कुकरची शिटी झाली.

“मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलल्या काहून नाही तुम्ही?”

“काय बोलू? आईले पुरण पोचलं होतं, मले तेवढं पुरे होतं.” त्यांनी गॅस बारीक केला. “आन् आधी बोलली असती तर तू देणं बंद केलं असतं.”

मी त्यांचा हात धरला आणि चुकलं म्हणाले. त्या “बरं, बरं” म्हणाल्या आणि तूप कुठे आहे ते विचारू लागल्या.

मग जाऊबाई माझ्या घरी जेवल्या. वरणभात, वर तूप, लिंबू. दुसऱ्यांदा मागून घेतला. मी त्यांच्या शेजारीच पान घेऊन बसले होते, पण मला घास उतरत नव्हता.