ठिपका कुणाचा

दवाखान्याच्या तळघरातल्या एका खोलीत मेंदूची चित्रं काढणारं चुंबकी यंत्र होतं आणि ते चालवायचं काम गेली अकरा वर्षं ताई करत होती. वय सत्तेचाळीस, बोलायला फटकळ, घरात पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरणारी. पण यंत्राच्या बोगद्यात झोपली की पापणीखेरीज काही हलायचं नाही. म्हणून तिथं संशोधन करणाऱ्या मॅडम कुठलीही नवी पद्धत आधी तिच्यावरच करून बघायच्या. यंत्र तेच असतं. पण लहरी कधी सोडायच्या, किती थांबायचं, उत्तर कधी टिपायचं हे बदललं की त्याच मेंदूचं निराळं चित्र मिळतं. ताईची अशी चित्रं ढिगानं साठली होती. नवरा म्हणायचा, "लग्नाच्या अल्बममध्ये नसतील एवढे फोटो तिथं काढून घेतलेस, आणि एकातही हसलेली नाहीस."

त्या वर्षी मॅडम लोहाचा माग काढणारी पद्धत बसवत होत्या. मेंदूत कुठं बारीकसा रक्तस्राव होऊन गेला असेल, तर रक्तातलं लोह तिथंच राहतं आणि चित्रात काळं उमटतं. अडचण एवढीच, की चित्राला अकरा मिनिटं लागायची. आजारी माणूस तेवढा वेळ निपचित पडणार कसा? वेळ कमी करायचा होता, पण त्याआधी पूर्ण लांबीचं एक नीट चित्र हवं होतं. ताई झोपली. चित्र आलं. उजव्या कानाच्या वर, आत, मोहरीएवढा काळा ठिपका.

"यंत्राचं काहीतरी चुकतंय," मॅडम म्हणाल्या आणि आकडेमोड उलटीपालटी करत बसल्या. दोन विद्यार्थिनींना झोपवून पाहिलं. त्यांच्या चित्रात ठिपका नव्हता. ताई हे सगळं काचेपलीकडून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही नजर चुकवून बोलताय."

"छे, तसं काही नाही, ताई."

"मग असं करू. मी मान वळवून झोपते. ठिपका होता तिथंच राहिला तर यंत्राचा. डोक्याबरोबर फिरला तर माझा."

मॅडमना हे सुचलं नव्हतं असं नाही. धीर होत नव्हता. त्यांनी डोक्याच्या एका बाजूला फोमची घडी सारली, ताईच्या हातात हाक मारायचा रबरी फुगा दिला आणि स्वतः बटणांशी बसल्या. अकरा मिनिटं ठोके पडत राहिले. पलंग बाहेर सरकला तशी ताई उठून बसली.

"फिरला?"

"फिरला."

"बरं," ताई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी चित्र पाहिलं, तिला एका रेषेवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. ठिपका जुना आहे, त्याला काही करायचं नाही, रक्तदाब तेवढा सांभाळा, म्हणाले. लहानपणी डोक्याला मार लागला होता का, हेही विचारलं. तिला आठवेना. म्हणून तिनं मोठ्या भावाला फोन केला. नंतर बोलू म्हणून दादानं फोन ठेवला. रविवारी तो न सांगता दारात उभा.

"तू पाच वर्षांची होतीस," खुर्चीच्या काठावर बसत तो म्हणाला. "मी तुला पत्र्याच्या ट्रंकेत बसवून जिन्यावरून सोडलं होतं. खाली फरशीवर आपटलीस. बराच वेळ डोळे उघडले नाहीस. मी पाणी मारलं. मग उलटी झाली तुला. आईला सांगितलं, हिनं कच्चे पेरू खाल्ले."

"आणि आईनं मलाच धपाटा घातला असेल."

"दोन." त्याला हसू आलं नाही. "नंतर तू गणितात नापास झालीस की मला तो जिना दिसायचा. वाटायचं, आपल्यामुळेच."

"अरे, तू तरी कुठं दिवे लावत होतास गणितात? तुला कुणी ढकललं होतं?"

ती हसली, पण त्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी तसंच होतं. मग तिनं सरळ सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, कशानं झालं ते आता सांगता येणार नाही."

"मला येतं," दादा म्हणाला. पेला टेबलावर ठेवून तो निघून गेला. त्यानंतर दर बुधवारी तो फोन करायचा, डोकं दुखतंय का विचारायचा आणि नाही म्हटलं की लगेच ठेवायचा. ताईनं चिडून सांगून पाहिलं, समजावूनही पाहिलं. फोन थांबले नाहीत.

तळघरात मॅडम म्हणाल्या, आता तुम्हाला नको झोपवायला. ताईनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं सोपं होतं: ठिपका कुठं आहे हे आता पक्कं माहीत आहे, तेव्हा वेळ कमी करत जा आणि तो कधी हरवतो ते बघा. डॉक्टरांची हरकत नाही हे लेखी घेऊन पुढचे चार महिने ते काम चाललं. आठ मिनिटांत ठिपका दिसला. सहा मिनिटांतही दिसला. चार मिनिटांच्या चित्रात मात्र तिथं नुसती करडी धूळ होती. मॅडमनी सहावर काम थांबवलं.

पुढच्या वर्षी वरच्या दवाखान्यात सहा मिनिटांची पद्धत लागू झाली. छापून आलेल्या लेखात ताईचं चित्र होतं, खाली फक्त 'स्त्री, वय ४७'. तिनं त्याची एक प्रत दादाला दिली. त्यानं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, बोटानं ठिपका शोधला, आणि कागदाची नीट घडी करून तो खिशात ठेवला.