भोकं बुजवलेली कुंडी

मंडळी, आज डोकं फिरलंय.

बोन्सायच्या कुंड्या मी हातानं घडवते, तुम्हाला माहितीये. जुन्या जालन्यात दादानं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला त्यातलीच एक दिली होती. त्यात मी वाढवलेला बुटका वड होता.

आज दुपारी दादा कुंडी परत घेऊन आला. वड मेलेला. म्हणाला, "तुझी कुंडी आम्हाला लाभली न्हाई बघ."

मी कुंडी उलटी केली. पाणी निथळायची दोन्ही भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली!

"पाणी गळून नवी फरशी खराब होऊन राह्यली होती, मंग तुझ्या वहिनीनंच बुजवली."

कुजलेली मुळं दाखवली, तरी दादा "कुंडी लाभली न्हाई" हेच बोलत राहिला.

सांगा, वड जगला असता तर कुंडीचं नाव कुणी काढलं असतं? वहिनीचा हातगुण म्हणाले असते.